पाद्रीबाबांच्या गाडीतली पिशवी

जगात माणसं दोनच प्रकारची असतात: स्वतःच्या हातानं गिअर टाकणारी, आणि आपोआप पडलेल्या गिअरवर आयुष्य काढणारी. पहिल्या प्रकारच्या माणसांनी संस्कृती उभी केली. दुसऱ्या प्रकारची माणसं तिच्यात पुढच्या सीटवर बसून फिरतात.

हा विचार कुर्येन्नेवा मोटर क्लबच्या सॉसेजच्या टपरीवर मोठ्या लाल अक्षरांत रंगवलेला आहे. त्याच्याच खाली, त्याच रंगात आणि त्याच हातानं, 'मोहरीची चटणी संपली आहे' असं लिहिलेलं आहे. दोन्ही मजकूर आमचे अध्यक्ष वेइयो हापालुओमा यांचे. पैकी दुसरा दर रविवारी खरा ठरतो. पहिल्याबद्दल आम्हाला गेल्या उन्हाळ्यापर्यंत शंका नव्हती.

आमचा ट्रॅक म्हणजे मुरुमाची एक जुनी खाण. मुरूम संपला तेव्हा खाणवाले निघून गेले आणि आम्ही आत शिरलो. गाड्याही तशाच, मालकांनी ज्यांची आशा सोडली अशा. काचा काढायच्या, गाडी उलटली तर चालक वाचावा म्हणून आत लोखंडी पिंजरा बसवायचा, दारावर नंबर रंगवायचा आणि चिखलात घालायची. शर्यतीच्या आधी आणि नंतर या गाड्या तपासायचं काम माझ्याकडे आहे. ज्या सभेत हे ठरलं तिला मी उशिरा पोचलो होतो.

शरद ऋतूतल्या शेवटच्या शर्यतीला आमच्याकडे बक्षीस म्हणून कॉफीची एक तांब्याची किटली दर वर्षी विजेत्याच्या घरी फिरत असते. फिरत असते असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात ती कित्येक वर्षं वेइयोच्या खिडकीत बसून आहे, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल आणि सूर्य मावळताना चमकेल अशा बेतानं. त्याची बायको सिर्क्का तिच्यात कॉफी करत नाही, कारण आत गळती आहे. पण बाहेरून ती किटली एकच गोष्ट सांगते: या परगण्यात गाडी चालवावी तर वेइयोनं. वेइयोची शेती बेताची, गाणं त्याहून बेताचं, आणि चर्चच्या निवडणुकीत तो तीनदा पडलेला. त्याच्याकडे म्हणावं असं जे काही होतं ते त्या खिडकीत होतं.

अशात रायली निएमिस्तो आली.

रायली आमच्या परगण्याच्या फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवायची. पुस्तकांनी भरलेली बस घेऊन तिनं उभा जन्म कच्च्या रस्त्यांवर काढला. निवृत्त झाली, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी काही महिने क्लच दाबू नकोस म्हणून सांगितलं. दुसऱ्या कुणी बागकाम सुरू केलं असतं. रायलीनं वारलेल्या पाद्रीबाबांची जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली, तिच्यात पिंजरा बसवून घेतला आणि वसंतात आमच्या ट्रॅकवर येऊन रांगेत उभी राहिली.

हसण्यात आम्ही कंजुषी केली नाही. वेइयो खिडकीशी जाऊन वाकला आणि त्यानं आत पाहिलं. पायाशी दोनच पेडल. त्यानं तिला समजावलं की अशा गाडीत चालक नसतो, उतारू असतो, आणि उतारूनं निदान तिकीट तरी काढावं. रायलीनं त्याला विचारलं की त्यानं घेतलेलं मधमाश्यांचं पुस्तक तो परत कधी करणार. त्या पुस्तकाला बरीच वर्षं झाली होती. वेइयो आपल्या गाडीकडे निघून गेला.

त्या दिवशी पाऊस होता. रायली पहिली आली. पाऊस होता, असं वेइयो म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. चिखलात जोरकस गाड्यांची चाकं जागच्या जागी फिरतात, मऊ गाडी आपली सरकत पुढे जाते. ही काही चालवण्याची कला नव्हे.

पुढच्या शर्यतीला धूळ होती. रायली पहिली आली. या वेळी मात्र मान कुणी डोलावली नाही, कारण वेइयो काही बोललाच नाही. आमच्या भागात माणूस गप्प बसला की समजावं, त्याला संशय आला.

संशयाचा हिशेब अगदी सरळ होता. गाडीत काही भानगड असेल तर वेइयो अजूनही परगण्यातला पहिला चालक. गाडीत भानगड नसेल तर भानगड वेइयोत. म्हणजे गाडी दोषी ठरणं भागच होतं. उरला प्रश्न पुराव्याचा, आणि तो माझ्यावर आला.

मी गाडी तपासली. इंजिन पाद्रीबाबांच्या काळचं होतं आणि त्यांच्याइतकंच संथ. गिअरबॉक्स कारखान्यातून आली तशी. टायर सगळ्यांसारखेच, किंबहुना जरा जास्त झिजलेले. मी तसं सांगितलं. वेइयोनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"काहीच सापडलं नाही?" तो म्हणाला.

"काहीच नाही."

"म्हणजे लपवलंय फार हुशारीनं."

दुसऱ्या तपासणीतही मला काही सापडलं नाही तेव्हा संशय थोडा सरकला आणि माझ्यावरही येऊन बसला. मागच्या आठवड्यात रायलीनं मला ब्लॅककरंटचं सरबत पाजलं होतं हे क्लबात सगळ्यांना ठाऊक झालं. शनिवारी सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, मी शिरलो की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी तापल्या दगडांवर गरजेपेक्षा जास्त पाणी ओतायचं. आपल्याबद्दल काय बोललं जात होतं हे मला त्या वाफेवरून कळायचं.

मग हाताची गोष्ट निघाली. वळणावर झेंडा घेऊन उभा राहणारा पेन्ती म्हणाला की त्यानं नीट पाहिलंय: वळणात रायलीचे दोन्ही हात चाकावर असतात, पण सरळ पट्टा आला की उजवा हात खाली जातो. सीटच्या बाजूला. तिथे काहीतरी करतो. आणि मग वर येतो.

"वर कुठे येतो?" वेइयोनं विचारलं.

पेन्तीनं विचार केला. "तोंडाकडे," तो म्हणाला. "पण तो देखावा असणार."

बटण असणार यावर एकमत झालं. सरळ पट्ट्यावर दाबायचं बटण. त्यानं काय होतं याबद्दल मात्र मतं वेगळी होती. एक गट इंजिनाला जास्तीचा जोर देणाऱ्या गॅसच्या नळकांड्याचा होता. दुसऱ्याचं म्हणणं होतं की बटण दाबलं की मागच्या गाडीच्या काचेत धूळ जाते. त्याला आठवण करून दिली की आपल्या गाड्यांना काचा नसतात, तेव्हा तो म्हणाला, म्हणूनच तर. एका म्हाताऱ्यानं गाडी पाद्रीबाबांची होती याकडे लक्ष वेधलं आणि पुढचं बोलायचं टाळलं. मी सांगितलं की सीटच्या बाजूला कुठलंही बटण नाही, एक कापडी पिशवी तेवढी बंदानं लटकवलेली असते. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच घरी गेलो.

आता आमच्या शर्यतीचा एक नियम. गाडीवर कुणी वारेमाप पैसा ओतू नये म्हणून तो केलेला आहे. शर्यत संपली की परवाना असलेल्या कुणालाही, कुणाचीही गाडी, आधीच ठरलेल्या किमतीला विकत मागता येते. मालकाला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर परवाना जातो. मागणारे जास्त झाले तर चिठ्ठ्या टाकायच्या. आणि गाडी जशी धावली तशीच द्यायची, आतला एक स्क्रूही काढायचा नाही.

हा झाला कागदावरचा नियम. कुर्येन्नेवातला नियम असा की शेजाऱ्याची गाडी कुणी मागत नाही. फार पूर्वी एकानं आपल्या मेहुण्याची मागितली होती, आणि त्या दोन घरांत ख्रिसमसचं हॅम अजून वेगवेगळं भाजतात. म्हणून वेइयोच्या गाडीला आजवर कुणी हात लावला नव्हता. ती त्यानं इतक्या मायेनं घडवली होती की तिच्या गिअरच्या दांड्याची मूठ भूर्जाच्या लाकडाची होती, त्यानं स्वतः तासलेली, त्याच्या तळहाताच्या मापाची.

ऑगस्टमधल्या शर्यतीत रायली पुन्हा पहिली आली, आणि वेइयोनं तिच्या गाडीला मागणी घातली. त्यानं घातली म्हटल्यावर बाकीच्यांचीही भीड चेपली. बघता बघता अख्ख्या क्लबानं चिठ्ठ्या टाकल्या, पेन्तीनंसुद्धा, आणि त्याच्याकडे तर गॅरेजही नाही. मी हेल्मेटमध्ये हात घातला आणि एक चिठ्ठी काढली. वेइयोचं नाव निघालं. कोपऱ्यातून कुणीतरी सरबत असा शब्द उच्चारला.

रायली चिडेल असं आम्हाला वाटलं होतं. ती गाडीशी गेली, सीटच्या बाजूला हात घातला, कापडी पिशवी सोडवली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. हे तिनं सर्वांदेखत केलं. दिवसाउजेडी एवढा उघड पुरावा आमच्यापैकी कुणी पूर्वी पाहिला नव्हता.

"ती पिशवी गाडीची आहे," वेइयो म्हणाला.

"पिशवी माझी आहे," रायली म्हणाली. "माझ्या बहिणीनं शिवली."

"गाडी जशी धावली तशी द्यायची असते. नियम आहे."

"मग मीही उतरायला नको होतं. तशीच बसून राहू का, हापालुओमा? सिर्क्काला चालेल?"

सगळे माझ्याकडे वळले. मी नियम आठवून पाहिला. चालकाच्या अंगावरच्या आणि हातातल्या वस्तू गाडीत धरत नाहीत, असा निकाल मी दिला. या निकालानं माझ्याबद्दल कुणाच्या मनात काही उरलंसुरलं असेल तर तेही संपलं. रायलीनं पर्स बंद केली आणि मग, जाता जाता आठवल्यासारखं, म्हणाली की तिलाही आता काहीतरी चालवायला लागेल. डॉक्टरांनी क्लचची परवानगी दिलीच आहे. तर तिची वेइयोच्या गाडीला मागणी आहे.

दुसरी मागणी कुणाचीच नव्हती, त्यामुळे चिठ्ठीही टाकावी लागली नाही. वेइयोचा चेहरा कसा झाला हे सांगत बसत नाही. त्यानं भूर्जाच्या मुठीवर एकदा हात ठेवला आणि काढला. मूठ गाडीला पेचानं बसवलेली होती. तिच्याबद्दल नियम स्पष्ट होता.

पाद्रीबाबांची गाडी वेइयोनं आपल्या धान्याच्या कोठारात नेली आणि तिचा शेवटचा भाग सुटा होईपर्यंत खोलली. सापडलं ते असं: केसांचा एक आकडा, प्रार्थनागीतांचे क्रमांक लिहिलेलं पुठ्ठ्याचं चतकोर, आणि वेलदोड्याच्या पावाचा एक तुकडा, जो पाद्रीबाबांच्या हयातीतला असावा. वेइयोनं पावसुद्धा फोडून पाहिला. मग गाडी परत जोडली. एक बोल्ट उरला, तो त्यानं खिशात टाकला.

याचा अर्थ त्याच्या मते एकच होता. युक्ती गिअरबॉक्समध्ये इतकी खोल आहे की ती डोळ्यांना दिसत नाही, फक्त चालवताना कळते. तेव्हा किटलीच्या शर्यतीत तो स्वतः ही गाडी चालवेल, जिंकेल, आणि गाडीच जिंकत होती हे सिद्ध होईल. क्लबाला हा विचार पटला. तो जिंकला तर ते त्याचं कौतुक कसं, असं सिर्क्कानं विचारलं. वेइयोनं तिला किटली पुसून ठेवायला सांगितलं.

शर्यतीच्या दिवशी हवा कोरडी आणि गार होती. पहिल्या रांगेत पाद्रीबाबांच्या गाडीत वेइयो, शेजारी वेइयोच्या गाडीत रायली. दारावरचं त्याचं नाव तिनं खोडलं नव्हतं. खाली फक्त आपलं लिहिलं होतं, जरा लहान अक्षरात. सीटच्या बाजूला कापडी पिशवी लटकत होती. ती सगळ्यांना दिसली.

झेंडा पडला आणि वेइयो सगळ्यांत आधी सुटला. सरळ पट्ट्यावर तो एकटा पुढे होता आणि टपरीजवळच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, की बघा, आम्ही म्हणत नव्हतो. मग वेग तिसऱ्या गिअरइतका झाला. वेइयोच्या उजव्या हातानं उभ्या आयुष्यात अशा वेळी जे केलं तेच केलं. दांडा धरला आणि पुढे ढकलला.

ऑटोमॅटिक गाडीत दांडा तसा पुढे ढकलला की ती न्यूट्रलमध्ये जाते, इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. इंजिन असं किंचाळलं की खाणीच्या काठावरचे कावळे उडाले. गाडी मात्र निवांत चालली होती, रविवारी प्रार्थनेहून परतावी तशी. सगळे तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. वेइयोनं दांडा मागे ओढला, गाडीनं हिसका खाल्ला आणि पुन्हा धावू लागली. वळणात तो खरोखर चांगला होता, हे मी तपासनीस म्हणून सांगतो. पुढचे दोघे त्यानं वळणातच गाठले. मग सरळ पट्टा आला. पुन्हा तिसऱ्या गिअरची वेळ झाली. पुन्हा कावळे.

प्रत्येक फेरीला हेच. शेवटी शेवटी कावळे उडेनासे झाले. पेन्ती सांगतो की वेइयो स्वतःच्या हाताशी बोलत होता, आणि भाषा क्लबाच्या अध्यक्षाला शोभणारी नव्हती. एका फेरीत त्यानं उजव्या हातावर बसायचा प्रयत्न केला, आणि मग वळण आलं.

रायली पहिली आली. वेइयोच्या गाडीत, हातानं गिअर टाकत, भूर्जाच्या मुठीवर हात ठेवून. ते गिअर असे पडत होते की कुठे एक सुरू झाला आणि कुठे दुसरा, ऐकू येत नव्हतं. पुस्तकांची कपाटं मागे घेऊन खड्ड्यांतून गेलेल्या माणसाला ते जमत असावं. वेइयो शेवटचा आला. पाद्रीबाबांच्या गाडीला त्या दिवशी कुणीही मागणी घातली नाही.

कुठल्याही शहाण्या गावात संशय इथे मिटला असता. आमच्याकडे तो फक्त पिशवीत गेला. गाडी बदलली तरी बाई जिंकते, म्हणजे गाडी निर्दोष. पण गाडी बदलली आणि पिशवी तीच राहिली. रायलीनं किटली नेली, आणि वेइयोच्या खिडकीत तांब्याऐवजी एक गोल डाग उरला. तो पुसायला सिर्क्कानं नकार दिला. तिच्या मते डागही काहीतरी सांगत होता.

आठवड्याभरानं वेइयो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ओन्नी, चल. अधिकृत तपासणी आहे." त्यानं चर्चला घालतो तो कोट घातला होता. काखेत एक पुस्तक होतं. मधमाश्यांचं.

रायलीनं दार उघडलं, पुस्तक घेतलं, मागचं पान उघडून तारीख पाहिली आणि ते कपाटात ठेवलं. मग कॉफी ओतली, त्या किटलीतून. गळती तिनं डाख मारून बुजवली होती. आम्ही पहिला कप प्यायलो. दुसरा कपही. वेइयोची नजर खुंटीवर लटकलेल्या पिशवीवर होती. तिसऱ्या कपाला रायलीनं उठून ती काढली आणि मेजावर ठेवली.

मी तपासणी केली. आत साल्मियाक्की होतं. शाळेच्या वयापासून प्रत्येकाच्या खिशात असतात त्या काळ्या, खारट, नवसागराच्या चवीच्या गोळ्या. वेइयोनं एक घेतली, उजेडात धरली, हुंगली, चाटली, आणि मग चावली. बराच वेळ चावत राहिला. ती फक्त साल्मियाक्कीच निघाली.

"हे कशाला?" त्यानं विचारलं.

"हाताला," रायली म्हणाली.

तिनं सांगितलं की ग्रंथालयाला नवी बस आली ती ऑटोमॅटिक होती. तिचा उजवा हात सारखा दांड्याकडे जायचा. एकदा चर्चच्या चढावर त्यानं तिला न्यूट्रलमध्ये घातलं, बस मागे घरंगळत गेली आणि प्रवासवर्णनांचं अख्खं कपाट कादंबऱ्यांवर कोसळलं. हाताला काही कळत नसतं, त्याला फक्त सवय असते. म्हणून तिनं त्याला दुसरी सवय लावली. आपल्याला दांडा धरावासा वाटला की पिशवीत जायचं, असं त्याला शिकवलं. आता कुठलीही गाडी असो, पिशवी नसली तर त्याला करमत नाही.

"आणि बाकीचं?" वेइयो म्हणाला. "वळणं, वेग. ते कसं करतेस?"

"ते मी चालवते," रायली म्हणाली.

वेइयोनं कपाच्या तळाशी पाहिलं, मग किटलीकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे, जो मेजावर पडला होता आणि ज्याची बोटं थोडी पुढे वाकलेली होती. मला वाटलं, आता तो काहीतरी बोलणार. अध्यक्षपद सोडणार, किंवा माफी मागणार, किंवा निदान टपरीवरचं ते वाक्य पुसतो म्हणणार.

तो उठला. कोटाची बटणं लावली. दारापर्यंत गेला, कडीवर हात ठेवला आणि पाठमोराच उभा राहिला.

"तुझ्या बहिणीला," तो म्हणाला, "अशी अजून एक शिवायला जमेल का? बंद जरा लांब ठेव म्हणावं. माझी सीट मागे असते."